छप्पर बदलताना उष्णतेचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की कोकणात आणि घाटमाथ्यावर घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. छपरावर माणूस चढतो, फुटकी कौले काढतो, सरकलेली जागेवर बसवतो, वाशांना कीड लागली आहे काय ते पाहतो. हे काम जाणणारी माणसे आता सहजी मिळत नाहीत. वानरांच्या उड्यांनी कौले फुटतात ती वेगळीच. मग एखाद्या वर्षी घरातली मंडळी ठरवतात की, दरवर्षीची ही कटकट नको, एकदाच काय तो खर्च करू आणि पत्रा घालू. आठ दिवसांत कौले उतरतात, वासे आणि रिपा जातात, त्यांच्या जागी लोखंडी नळ्यांचा सांगाडा येतो व त्यावर रंगीत पत्रे स्क्रूने आवळले जातात. पहिला पावसाळा झकास जातो. घर गळत नाही. मार्च उजाडला की मात्र दुपारी घरात बसवेनासे होते.

आणि दुपारी घरात असते तरी कोण? कमावती माणसे शेतावर किंवा कचेरीत असतात. घरात असतात ती म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले, कोणी आजारी असेल तर तो. उन्हाळ्याचा त्रास ज्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होतो तीच ही माणसे. म्हणून छपराखाली किती उष्णता उतरते हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही.

छप्पर बदलताना उष्णतारोधनाचे काय करावे, याविषयी काही देशांत कायदाच आहे. इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील इमारत-नियमांच्या २०२१ च्या आवृत्तीनुसार जुन्या घराच्या छपराचा निम्म्याहून अधिक भाग नव्याने घालायचा असेल, तर मालकाला नुसती कौले बदलून चालत नाही. त्याच वेळी छपराचे उष्णतारोधन ठरलेल्या पातळीपर्यंत वाढवावे लागते. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल, किंवा त्याचा खर्च इंधनाच्या बचतीतून पंधरा वर्षांत भरून निघणार नसेल, तर सवलत आहे. ऐतिहासिक वास्तूंनाही सवलत आहे. नियमामागचा विचार सरळ आहे. परांची बांधलेली आहे, कौले उतरलेली आहेत, मजुरी द्यायचीच आहे. अशा वेळी रोधकाचा थर घालण्याचा वाढीव खर्च फक्त त्या थराचा असतो. एकदा छप्पर बंद झाले की पुढली तीस-चाळीस वर्षे ते कोणी उघडत नाही.

हा विचार आपल्यालाही लागू पडतो. तेथला आकडा आणि तेथली कृती मात्र जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी आकड्याचा अर्थ पाहू.

छपराच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असताना त्याच्या एक चौरस मीटर भागातून दर सेकंदाला जितकी उष्णता जाते, तिला त्या छपराचे यू-मूल्य म्हणतात. ते वॅटमध्ये मोजतात. यू-मूल्य जितके कमी, तितके छप्पर उष्णता अडवण्यात चांगले. ते काढण्याची रीत विद्युत्‌मंडलातील एकसर जोडणीसारखीच आहे. प्रत्येक थराचा उष्णतारोध म्हणजे त्याची मीटरमधील जाडी भागिले त्याच्या पदार्थाची उष्णतावाहकता. सगळ्या थरांचे रोध बेरजेत धरायचे, त्यात छपराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेचे रोध मिळवायचे, आणि एकाला त्या बेरजेने भागायचे. उष्णता वरून खाली येत असेल तेव्हा या दोन हवांचे रोध अनुक्रमे ०.०४ आणि ०.१७ धरतात. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज जमते.

आता अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घ्या. पोलादाची वाहकता सुमारे ५०, म्हणजे पत्र्याचा रोध ०.००००१. तो नसल्यातच जमा. एकूण रोध उरतो ०.२१ आणि यू-मूल्य येते ४.८. जो काही रोध आहे तो सगळा हवेचा आहे, पत्र्याचा काहीच नाही.

मंगलोरी कौलाचे गणित करून पाहू. दीड सेंटीमीटर जाडी, भाजलेल्या मातीची वाहकता ०.८ च्या आसपास. रोध ०.०१९. एकूण ०.२२९ आणि यू-मूल्य ४.४.

येथे वाचकाने थबकावे अशी आमची अपेक्षा आहे. ४.८ आणि ४.४. एवढाच फरक? पत्र्याखाली आणि कौलांखाली दोन्हीकडे ज्याने एप्रिल काढला आहे तो हे मान्य करणार नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. गणितही बरोबर आहे. चूक आहे ती कौलारू छपराला पत्र्यासारखे एकसंध धरण्यात.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. त्याआधी आणि नंतरही खेड्यापाड्यांत नळीची देशी कौले होतीच. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, त्यांत फटी असतात. जुन्या घरात चुलीचा धूर कोठून बाहेर पडत असे ते आठवा. सकाळी लांबून पाहिले तर सबंध छपरातून धूर झिरपताना दिसे. ज्या वाटेने धूर जातो त्याच वाटेने तापलेली हवाही जाते. कौलांच्या खालच्या अंगाला तापलेली हवा पाख्याच्या चढाने आढ्याकडे सरकते, फटींतून निघून जाते, आणि वळचणीतून व खिडक्यांतून तिच्या जागी नवी हवा येते. हे दिवसभर चालू असते. यू-मूल्याच्या गणितात या वाऱ्याला जागाच नाही, कारण ते गणित बंद छपरासाठी बांधलेले आहे.

दुसरी गोष्ट माळ्याची. बऱ्याच जुन्या घरांत कौलांखाली लाकडी तक्तपोशी किंवा निदान अर्ध्या घरावर माळा असे. कौलांनी खाली फेकलेली उष्णता आधी त्या फळ्यांवर पडे, मधली हवा फटींतून पळून जाई, आणि खालच्या माणसापर्यंत उरलेलीच पोहोचे. पत्रा घालताना सुतार पुष्कळदा सांगतो की, फळ्यांना कीड आहे, काढून टाकू, घर मोकळे वाटेल. घर मोकळे वाटते खरे.

कौलांच्या वजनाचाही थोडा हात आहे, पण लोक समजतात तितका नाही. मंगलोरी कौलांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४० किलोग्रॅम भरते, पत्र्याचे चारेक किलोग्रॅम. त्यामुळे पत्रा ऊन पडताच एखाद्या मिनिटात तापतो, कौलाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ढग आला की पत्रे कडकड वाजतात ते याचमुळे. तीन मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिलिमीटर लांब-आखूड होतो. पण वीस मिनिटांच्या उशिराने भर दुपारी काही साधत नाही. कौलाचे खरे श्रेय फटींचे आणि माळ्याचे आहे, असे आमचे मत आहे.

तेव्हा कौले उतरवून पत्रा घातला म्हणजे आपण नुसती माती काढून लोखंड घातले असे होत नाही. वाहता वारा आणि मधला पडदा या दोन गोष्टीही आपण काढून टाकतो. त्यांची नोंद कोणाच्याही अंदाजपत्रकात नसते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. एप्रिलमधील दुपार, बाहेर हवा ३८ अंश सेल्सिअस, छपरावर दर चौरस मीटरला ९५० वॅट ऊन. जुना, गंजू लागलेला पत्रा त्यातले ८० टक्के शोषतो असे धरू; ते झाले ७६० वॅट. वरच्या हवेचा रोध ०.०४ आहे, म्हणजे छपराच्या दृष्टीने बाहेरचे तापमान ७६० गुणिले ०.०४, अर्थात ३० अंशांनी वाढल्यासारखे होते. हिशेबात बाहेर ३८ ऐवजी ६८ अंश घ्यायचे. आत ३५ अंश आहेत. फरक ३३ अंश, यू-मूल्य ४.८, म्हणून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे १५७ वॅट. ५० चौरस मीटरच्या बेताच्या घरात ही उष्णता जवळजवळ आठ किलोवॅट होते. एक किलोवॅटच्या आठ विजेच्या शेगड्या आढ्याला टांगून पेटवाव्यात तसे हे झाले. पत्र्याचे स्वतःचे तापमान या हिशेबाने ६२ अंश येते.

आपल्या देशात याविषयी काही मर्यादा घातली आहे काय? आहे. बिगर-औद्योगिक इमारतींच्या उष्णतारोधनासाठीच्या १९७८ च्या भारतीय मानकात उष्ण हवामानातील छपराचे यू-मूल्य २.३३ हून अधिक नसावे, अशी शिफारस होती. पुढे २०१८ साली केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली आणि छपरासाठी १.२ ही मर्यादा ठरवली. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना समोर ठेवून केलेली होती. चार खणांच्या घरावरचा पत्रा बदलणाऱ्याला ती विचारत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले; त्याचा भर ऊन परतवणाऱ्या पृष्ठभागावर आहे.

गंमत अशी की, आपल्या जुन्या छपरांना या मोजपट्ट्या लावून पाहिल्या तर निकाल अनपेक्षित लागतो. पंधरा सेंटीमीटर जाडीचे गवताचे छप्पर घ्या. गवताच्या थराची वाहकता ०.०८ धरली तर त्याचे यू-मूल्य ०.४८ येते, २०१८ ची मर्यादा ते सहज पार करते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरे असत. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. कोरड्या मातीची वाहकता ०.५ ते ०.८ असते. मधली ०.६ घेतली, मातीची जाडी ३० सेंटीमीटर आणि फळ्यांची ३ सेंटीमीटर धरली, तर यू-मूल्य १.१. हेही उत्तीर्ण. आणि बारा सेंटीमीटर जाडीचा उघडा काँक्रीटचा स्लॅब? साधारण ३.५. तो १९७८ च्या मर्यादेतही बसत नाही. शिवाय दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री खाली सोडत राहतो, हे स्लॅबखाली झोपणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही गवताकडे किंवा माळवदाकडे परत जा असे सुचवत नाही. आगीची भीती, दुरुस्ती, भूकंपात अंगावर येणारे मातीचे ओझे, हे सगळे खरे आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने माळवदाची दुसरी बाजू दाखवून दिलीच आहे.

पत्र्याखाली १.२ गाठायचे तर काय लागेल? एकूण रोध ०.८३ हवा. त्यातले ०.२१ हवेचे, उरले ०.६२. थर्मोकोलची वाहकता ०.०३६ आहे, म्हणून सव्वादोन सेंटीमीटर. बाजारात अडीच सेंटीमीटरचा मिळतो. काचलोकर वापरली तरी जवळजवळ तेवढीच जाडी. तेच काम नुसत्या लाकडी फळ्यांनी करायचे म्हटले तर त्या पावणेनऊ सेंटीमीटर जाड घ्याव्या लागतील. अडीच सेंटीमीटरच्या थराने वरच्या उदाहरणातील १५७ वॅटचे ४० होतात. आठ शेगड्यांच्या दोन उरतात.

इंग्लंडचा आकडा यापुढे फार कडक वाटेल. तेथे जुन्या घराच्या छपरासाठी ०.१६ हे लक्ष्य आहे आणि त्यासाठी खनिज-लोकरीचा सुमारे २४-२५ सेंटीमीटरचा थर लागतो. पण तेथे प्रश्न उलटा आहे. हिवाळ्याचे कित्येक महिने घर आतून तापवायचे आणि ती उष्णता छपरातून वर पळू द्यायची नाही. दिशा बदलली की भौतिकशास्त्र बदलत नाही, पण त्यातला कोणता घटक वरचढ ठरतो तो मात्र बदलतो. हा या विषयातला सर्वांत मनोरंजक भाग आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो सहसा नसतो.

उष्णता पृष्ठभागाकडून खोलीकडे, किंवा उलट, दोन मार्गांनी जाते: अभिसरणाने आणि प्रारणाने. प्रारणाला वर-खाली कळत नाही. त्याचा वाटा साधारण तापमानाला दर चौरस मीटरला, दर अंशाला ५ वॅटच्या आसपास असतो, दिशा कोणतीही असो. अभिसरणाला मात्र दिशा फार कळते. गार छताखाली ऊबदार हवा असेल तर ती वर चढते, थंड होऊन उतरते, चक्र सुरू राहते. अभिसरणाचा वाटाही ५ वॅट होतो. उलट तापलेल्या छताखाली गरम हवा आधीच वर असते. ती हलकी आहे, खाली येण्याचे तिला कारण नाही. तेथे अभिसरणाचा वाटा अवघा ०.७ वॅट. म्हणजे आपल्या दुपारी छपराकडून खाली येणाऱ्या उष्णतेतील आठांपैकी सात हिस्से प्रारणाचे असतात. पत्र्याखाली उभे राहिले की टाळू तापल्यासारखी वाटते, आणि डोक्यावर वर्तमानपत्र धरले की लगेच बरे वाटते, ते याचमुळे. वर्तमानपत्राने हवा गार केलेली नसते. त्याने प्रारणाला आड येण्याचे काम केलेले असते.

मग प्रारणच अडवले तर? बाजारात ज्याला फॉइल म्हणतात तो अॅल्युमिनियमचा तलम पत्रा, आपण त्याला वर्ख म्हणू, तापला तरी काळ्या पृष्ठभागाच्या मानाने जेमतेम पाच टक्के प्रारण बाहेर टाकतो. तो पत्र्याच्या खालच्या अंगाला, चकाकी खाली येईल असा बसवला, तर प्रारणाचे ५ वॅट उतरून ०.३ होतात. त्यात अभिसरणाचे ०.७ मिळवा, खालच्या पृष्ठभागाचा रोध ०.१७ वरून १ वर जातो आणि छपराचे यू-मूल्य ०.९६ येते. केसाएवढ्या जाडीच्या वर्खाने अडीच सेंटीमीटरच्या थर्मोकोलची बरोबरी केली! कागदावर, अर्थात. पंखा लावला की गरम हवेचा निवांत थर ढवळला जातो आणि अभिसरण वाढते. वर्खावर काजळी बसली की त्याचा गुण उतरतो. पण खाली तोंड केलेल्या पृष्ठभागावर धूळ कमी बसते ही जमेची बाजू. वर तोंड केलेला वर्ख एका उन्हाळ्यात धुळीने झाकून जातो. आणि वर्खाच्या चकचकीत बाजूला मोकळी हवा हवीच. तो दोन थरांत चेपून बसवला तर उष्णता वहनाने सरळ निघून जाते, आणि वहनात तर धातूचा हात धरणारे कोणी नाही. इंग्लंडमधील छपरात, जेथे हिवाळ्यात उष्णता वर जाते, तेथे वर्खाने प्रारण अडवले तरी अभिसरणाचा निम्मा वाटा चालूच राहतो. म्हणून तेथे जाड लोकर आणि येथे वर्ख, हा फरक केवळ पैशाचा नाही.

ओलाव्याचेही तसेच. थंड देशात घरातील दमट, उबदार हवा थंड छपराला लागून तेथे पाणी धरते आणि वासे कुजतात. म्हणून बाष्परोधक पडदा आतल्या बाजूला घालतात, आणि तिरप्या वाशांमध्ये रोधक भरताना त्याच्या वर ५ सेंटीमीटर वाहती हवा ठेवतात. आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटे वेगळा प्रकार दिसतो. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा तीन-चार अंशांनी गार होतो. हवा २० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १८ अंशांवर असतो. मग पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरते आणि पाऊस नसताना अंथरुणावर थेंब पडतात. वर्ख लावलेला थर्मोकोल किंवा फुगे असलेला प्लॅस्टिकचा थर पत्र्याला सलग चिकटून असेल तर दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचत नाही आणि हे थेंब थांबतात. काचलोकर मात्र उघडी ठेवू नये. ती पाणी धरते, आणि पाण्याची वाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त आहे. भिजलेली लोकर अंगात आहे, पण कामाची नाही.

पत्र्याचा रंग हा सर्वांत स्वस्त उपाय. वरच्या उदाहरणात पत्रा पांढरा असता आणि ८० ऐवजी ३० टक्के ऊन शोषत असता, तर बाहेरचे हिशेबी तापमान ६८ ऐवजी ४९ अंश झाले असते, आणि काहीही रोधक न घालता १५७ चे सुमारे ६९ वॅट झाले असते. पांढरा रंग आणि १.२ चे यू-मूल्य दोन्ही मिळून आकडा १७ वर येतो. तरीही गावोगाव लाल, निळे, गर्द हिरवे पत्रे दिसतात. लाल पत्रा लांबून कौलासारखा दिसतो म्हणून घेतात असे दुकानदार सांगतात. जेथे डोळ्यांवर चकाकी येण्याची अडचण नाही तेथे पांढरा किंवा फिका करडा का घेऊ नये, हे आम्हाला समजलेले नाही.

या सगळ्यात वेळेला महत्त्व आहे. वर्खाचा किंवा फुग्यांच्या थराचा गुंडाळा सांगाड्यावर अंथरून त्यावर पत्रा आवळणे हे एका दिवसाचे काम. पत्रा बसल्यानंतर तेच काम खालून करायचे म्हणजे शिडी, तारा, चिकटपट्ट्या आणि जागोजागी लोंबणारे तुकडे. आढ्याचेही तसेच. पत्र्यांच्या दोन पाख्यांवर आढ्याची टोपी बसवताना ती थोडी उचलून, खाली जाळी लावून हवेला वाट ठेवता येते. वळचणीला तशीच फट, तिलाही जाळी, नाहीतर वटवाघळे आणि चिमण्या येणारच. कौलांच्या फटींचे काम ही एक फट पुष्कळसे भरून काढते. रोधक घातले आणि हवेची वाट ठेवली नाही तर माणसांची, चुलीची, उन्हात तापलेल्या भिंतींची उष्णता रात्री आतच राहते. उघडा पत्रा निदान संध्याकाळी झटकन निवतो, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. रोधक घातलेल्या घरात रात्री खिडक्या आणि आढे उघडे हवे.

थर्मोकोल पेटतो आणि पेटला की काळा, घातक धूर ओकतो. तो स्वयंपाकघरावर उघडा नको, विजेच्या तारांना लागून तर नकोच. खाली जिप्समचा किंवा सिमेंटचा पातळ फळा लावून झाकावा. जुन्या छपरावर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नयेत, करवतू नयेत. आधी पाण्याने भिजवून, अखंड उतरवावेत. त्यांच्या तंतूंचा अपाय फुप्फुसांत वीस-तीस वर्षांनी दिसतो.

वजनाचा एक मुद्दा राहिला. उष्णतेशी त्याचा संबंध नाही, पण छप्पर उघडेच आहे तर सांगून टाकू. ताशी ११० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने छप्पर वर ओढू शकतो. कौलांच्या ४० किलोग्रॅमपुढे ही ओढ बरीचशी फिटते, पत्र्याच्या चार किलोग्रॅमपुढे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पत्रे कसे उडाले ते तेथील लोकांनी पाहिले आहे. सांगाडा भिंतीत खोलवर जखडलेला असावा, आणि रोधकाचा थर मध्ये आल्यामुळे स्क्रू आखूड पडत नाहीत ना, ते पाहावे.

वर्गात हे करून पाहण्यासाठी फारसे साहित्य लागत नाही. बुटांची चार सारखी खोकी घ्या. प्रत्येकाचे झाकण काढून तेथे एकाच पत्र्याचे सारखे तुकडे बसवा. पहिल्यात पत्रा तसाच. दुसऱ्यात पत्रा वरून पांढरा रंगवलेला. तिसऱ्यात पत्र्याखाली अडीच सेंटीमीटर थर्मोकोल चिकटवलेला. चौथ्यात पत्र्याखाली डबा बांधण्याचा अॅल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू खाली. प्रत्येक खोक्यात एक तापमापी आडवी ठेवा. तिचा फुगा पत्र्यापासून निदान पाच सेंटीमीटर खाली आणि थेट उन्हापासून सुरक्षित असावा. सकाळी दहापासून तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने नोंदी घ्या आणि चार आलेख एकाच कागदावर काढा. ढगाळ दिवस निघाला तर नोंदी थांबवू नका. ढग येता-जाताना पहिल्या आणि तिसऱ्या खोक्यांचे आलेख कसे वेगळे हलतात ते पाहण्याजोगे असते. दुसऱ्या दिवशी चौथ्या खोक्यातला कागद काढून पत्र्याच्या खाली दोन सेंटीमीटर अंतरावर ताणून बसवा, पण चकचकीत बाजू वर करून, आणि तिच्यावर चमचाभर खडूची भुकटी पसरा. तिसऱ्या दिवशी भुकटी पुसून पुन्हा नोंदी घ्या.